ट्रसचं वजन आणि डिफ्लेक्शन एकाच वेळी कमी करताना: एनएसजीए-२ ची पायरीपायरीने कृती

एम.ई.च्या मुलांचे प्रबंध वाचताना एक आलेख पुन्हा पुन्हा भेटतो. आडव्या अक्षावर वजन, उभ्या अक्षावर डिफ्लेक्शन आणि मधे शंभर ठिपक्यांची सुबक कमान. त्यातला एक ठिपका, म्हणजे एक डिझाइन, उचलून स्टाड या ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकावं, तर निम्मे मेंबर लाल, म्हणजे नापास. अशा वेळी मुलं अल्गोरिदम बदलून बघतात, तेही प्राण्यांच्या नावांचे. करड्या लांडग्याने जमलं नाही तर देवमासा, देवमाशाने नाही तर वटवाघूळ. प्राणी बदलतो, लाल मेंबर तसेच राहतात. कारण चूक शोध घेणाऱ्याची नसते, त्याला काय शोधायला सांगितलं त्यात असते.

म्हणून या लेखाचा मोठा भाग रन देण्याआधीच्या कामाबद्दल आहे. ट्रसचं स्टिफनेस मेथडने ॲनालिसिस तुम्हाला येतं आणि थोडं पायथन लिहिता येतं, एवढं गृहीत धरलंय. अल्गोरिदम एनएसजीए-२ घेतलाय, म्हणजे एकाहून जास्त उद्दिष्टांसाठी डिझाइनच्या पिढ्या घडवत त्यातली चांगली पुढे नेणारा शोध. दुसरा कुठला वापरत असाल तरी पाचवा टप्पा सोडून बाकी सगळं जसंच्या तसं लागू होतं.

टप्पा १: आधी उत्तर माहीत असलेलं गणित घ्या

थेट स्वतःच्या प्रोजेक्टवर उडी मारू नका. दहा मेंबरचा प्रसिद्ध कॅन्टिलिव्हर ट्रस घ्या. दोन पॅनेल, प्रत्येक ९.१४४ मीटर, उंचीही ९.१४४ मीटर (मूळ गणितात ३६० इंच). एका बाजूचे वरचा-खालचा दोन्ही सांधे पक्के. खालच्या दोन मोकळ्या सांध्यांवर प्रत्येकी ४४४.८ किलोन्यूटन भार, खालच्या दिशेने. प्रत्येक पॅनेलमध्ये दोन कर्ण, शिवाय मधला आणि टोकाचा उभा मेंबर. इलॅस्टिक मोड्यूलस ६८,९५० मेगापास्कल, घनता २,७६८ किलो प्रति घनमीटर, म्हणजे धातू ॲल्युमिनियम. स्ट्रेसची मर्यादा टेन्शन आणि कॉम्प्रेशन दोन्हींत १७२.४ मेगापास्कल. क्षेत्रफळ किमान ६४.५ चौरस मिलिमीटर.

ॲनालिसिसचं फंक्शन लिहा आणि ऑप्टिमायझेशनची लायब्ररी इन्स्टॉल करायच्याही आधी पुढच्या तीन गोष्टी पडताळा.

तपासा, एक: दहाही मेंबरना १०,००० चौरस मिलिमीटर दिल्यावर वजन २,९५० किलोच्या आसपास यायला हवं. मेंबरची एकूण लांबी १०६.५९ मीटर आहे, त्यावरून हातानेही निघतं. दहापट किंवा हजारपट फरक आला तर युनिटचा घोळ आहे. न्यूटन, मिलिमीटर, मेगापास्कल हाच संच धरा आणि घनता २.७६८ × १०⁻⁶ किलो प्रति घनमिलिमीटर लिहा.

तपासा, दोन: पक्क्या सांध्यांवरच्या आडव्या रिॲक्शन १,३३४.४ किलोन्यूटन आल्या पाहिजेत, वर आणि खाली विरुद्ध दिशांनी. क्षेत्रफळं कितीही बदला, हा आकडा हलता कामा नये. दोन्ही आधार एकाच उभ्या रेषेत असल्याने तो नुसत्या मोमेंटच्या समतोलातून ठरतो. उभ्या रिॲक्शनची बेरीज ८८९.६ येईल, पण तिची दोन आधारांतली वाटणी क्षेत्रफळांवर अवलंबून असते. ती बदलली म्हणून घाबरू नका.

तपासा, तीन: सगळी क्षेत्रफळं दुप्पट केली की डिफ्लेक्शन आणि स्ट्रेस बरोबर निम्मे. ‘जवळपास निम्मे’ चालणार नाही.

या तीन पडताळण्यांना वीस मिनिटं लागतात. त्या न करता महिनाभर रन दिलेला एक मुलगा मला माहीत आहे. त्याच्या कोडमध्ये कर्णांची लांबी ९.१४४ मीटरच होती.

टप्पा २: उद्दिष्टं खरोखर भांडतात का बघा

दोन उद्दिष्टं एकमेकांविरुद्ध ओढत असतील तरच फ्रंट मिळतो, म्हणजे एक उद्दिष्ट सुधारायचं तर दुसरं बिघडतंच अशा डिझाइनची ती कमान. वजन आणि स्टीलचा खर्च ही जोडी सर्रास दिसते. खर्च म्हणजे वजन गुणिले किलोचा दर असेल, तर ती दोन नावांची एकच गोष्ट. फ्रंट आकसून एका ठिपक्यावर येतो आणि मुलं म्हणतात, ‘सर, अल्गोरिदम लवकर कन्व्हर्ज होतो.’

सोपी चाचणी अशी: वैध क्षेत्रफळांची दोनशे यादृच्छिक डिझाइन काढा, दोन्ही उद्दिष्टं मोजा, ठिपके मांडा. ते सरळ चढत्या रेषेत पडले तर एक उद्दिष्ट काढून टाका.

वजन आणि कमाल डिफ्लेक्शन ही जोडी खरी भांडखोर आहे. मात्र कमाल डिफ्लेक्शन म्हणजे सगळ्या मोकळ्या सांध्यांवरचं, सगळ्या लोड केसमधलं कमाल. फक्त भाराखालचा सांधा बघितलात तर अल्गोरिदम दुसऱ्या सांध्याला बिनधास्त लोंबकळू देईल. त्याला ती पळवाट पहिल्या दहा पिढ्यांत सापडते.

सावधान: दोनच्या जागी पाच उद्दिष्टं घ्यायचा मोह आवरा. उद्दिष्टं वाढली की बहुतेक डिझाइन एकमेकांना हरवू शकत नाहीत, सगळीच ‘उत्तम’ ठरतात आणि निवडीचा जोर संपतो. जी गोष्ट कोडात मर्यादा म्हणून दिली आहे ती मर्यादाच ठेवा.

टप्पा ३: व्हेरिएबल ठरवा, इथे घाई नको

दहा मेंबरच्या गणितात क्षेत्रफळं सलग घेतात, म्हणजे कोणताही दशांश चालतो. वरची मर्यादा या गणितात बहुधा २२,५८० चौरस मिलिमीटर धरलेली असते. फक्त वजन कमी करायचं असेल तेव्हा ती पुरते. दोन उद्दिष्टं घेतल्यावर मात्र ती फ्रंटचं कडक टोक कापते, कारण डिफ्लेक्शन आणखी कमी करायला आधाराजवळचा वरचा मेंबर त्याहून जाड लागतो. ४०,००० घ्या.

खालची मर्यादा शून्य ठेवू नका. मेंबर नाहीसा झाला की मॅट्रिक्स सिंग्युलर होऊ शकतं. काही लायब्ऱ्या तेव्हा ओरडत नाहीत, भलताच मोठा किंवा भलताच छोटा आकडा देतात. त्यातला छोटा आकडा फ्रंटवर जाऊन बसतो.

खऱ्या छपराच्या ट्रसवर आलात की गोष्ट बदलते. बाजारात १,३४७ चौरस मिलिमीटरचा अँगल मिळत नाही. मग लोक सलग उत्तर काढून जवळच्या सेक्शनवर नेतात. हे करू नका. एका मेंबरचं क्षेत्रफळ वर-खाली केलं की हायपरस्टॅटिक (नुसत्या समतोलाने न सुटणाऱ्या) ट्रसमध्ये बाकीच्यांचे फोर्स बदलतात आणि जे पास होतं ते नापास होतं. सेक्शनची यादी आधीच द्या आणि व्हेरिएबल म्हणून यादीतला क्रमांक घ्या.

यादी क्षेत्रफळाच्या चढत्या क्रमाने लावा, म्हणजे शेजारचे क्रमांक एकमेकांसारखे वागतील. तरीही एक गाठ उरते. ७५×७५×१० चा अँगल मीटरला साधारण ११ किलोचा, १००×१००×६ चा साधारण ९.२ किलोचा. पण किमान रेडियस ऑफ जायरेशन पहिल्याची सुमारे १४.५ मिलिमीटर आणि दुसऱ्याची सुमारे १९.५. कॉम्प्रेशन मेंबरला आयएस ८००:२००७ ची १८० ही स्लेंडरनेस (प्रभावी लांबी भागिले ही रेडियस) मर्यादा लावली, तर पहिला २.६ मीटरच्या प्रभावी लांबीवर अडतो, दुसरा ३.५ मीटरपर्यंत जातो. तीन मीटरच्या मेंबरला जड अँगल नापास आणि हलका पास! क्षेत्रफळाच्या यादीत अल्गोरिदमला ही उलटापालट खड्ड्यांसारखी लागते. उपाय असा: कॉम्प्रेशन आणि टेन्शन गटांना वेगळ्या याद्या द्या आणि कॉम्प्रेशनच्या यादीतून असे जाड-पण-बुटके सेक्शन काढून टाका. यादी तीसवरून अठरावर आली तरी काही बिघडत नाही.

गट पाडणं हाही याच टप्प्याचा भाग. एकोणीस मेंबरच्या कैचीला एकोणीस वेगळे अँगल कोणताही फॅब्रिकेटर लावून देणार नाही. वरची कॉर्ड, खालची कॉर्ड, आधाराजवळचे कर्ण, उरलेलं जाळं असे चारपाच गट पुरेत. एकाच गटात टेन्शन आणि कॉम्प्रेशन मिसळू नका.

तपासा: गट चार आणि यादी तीस सेक्शनची असेल, तर एकूण शक्यता ३०⁴, म्हणजे ८ लाख १० हजार. एका ॲनालिसिसला दोन मिलिसेकंद लागत असतील, तर सगळ्या तपासायला २७ मिनिटं. मग निसर्गाकडून प्रेरणा घ्यायची गरजच नाही, सरळ सगळ्या तपासा आणि खरा फ्रंट मिळवा. हे कोणी सांगत नाही, कारण त्यावर प्रबंध होत नाही. गट दहा झाले की तोच आकडा सुमारे ५.९ × १०¹⁴ होतो. अल्गोरिदमची गरज तिथे लागते.

टप्पा ४: लोड आणि मर्यादा

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात.

पहिली चूक: स्ट्रेंथ आणि डिफ्लेक्शन दोन्ही एकाच लोडवर मोजणं. लिमिट स्टेटमध्ये स्ट्रेंथ फॅक्टर्ड लोडवर तपासतात, डिफ्लेक्शन सर्व्हिस लोडवर. ॲनालिसिस फंक्शन एकदाच बोलावून दोन्ही उत्तरं काढली, तर डिफ्लेक्शन दीडपट येतं आणि फ्रंट सगळाच्या सगळा वर सरकतो. आकार तसाच सुबक राहतो, म्हणून लक्षात येत नाही.

दुसरी चूक: फक्त डेड आणि लाइव्ह लोड देणं. ऑप्टिमायझर अत्यंत कंजूष गिऱ्हाईक आहे. जे सांगितलं नाही त्यासाठी तो एक किलो खर्च करत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडचं उदाहरण घ्या. वारा छप्पर वर उचलतो, तेव्हा खालची कॉर्ड टेन्शनमधून कॉम्प्रेशनमध्ये जाते. ०.९ डेड आणि १.५ विंड हे कॉम्बिनेशन दिलं नाही, तर अल्गोरिदम खालच्या कॉर्डला सळईइतकी बारीक करून टाकेल आणि हिशेबाने ते बरोबरही असेल. कायम टेन्शनमध्ये राहणाऱ्या मेंबरला स्लेंडरनेस ४०० पर्यंत चालते, पण उलट्या फोर्समध्ये येणारा मेंबर त्या कप्प्यात बसत नाही. कोणता मेंबर कुठल्या कप्प्यात जातो हे प्रत्येक लोड कॉम्बिनेशननंतर फोर्सच्या चिन्हावरून कोडने ठरवावं. तुम्ही आधी ठरवून ठेवू नका.

तिसरी चूक, आणि ही कोडमध्ये दडून बसते: वेगवेगळ्या मापांच्या मर्यादा तशाच एकत्र करणं. स्ट्रेस २० मेगापास्कलने जास्त, स्लेंडरनेस ४० ने जास्त, डिफ्लेक्शन ३ मिलिमीटरने जास्त. यांची बेरीज म्हणजे ६३ आंबे-पेरू. प्रत्येक मर्यादा गुणोत्तरात लिहा: प्रत्यक्ष मूल्य भागिले परवानगीचं मूल्य, वजा एक. उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर पास. पायमू ही लायब्ररी मर्यादा याच रूपात मागते, आणि सगळी उद्दिष्टं कमीत कमी करायची आहेत असं धरून चालते. काही वाढवायचं असेल तर चिन्ह उलटं द्या.

पेनल्टीचा मोठा आकडा वजनात मिळवण्याची जुनी पद्धत सोडा. आकडा लहान पडला तर नापास डिझाइन फ्रंटवर येतं, मोठा पडला तर शोध सीमेपासून दूर पळतो, आणि उत्तम डिझाइन नेमकी सीमेवरच असतात. त्यापेक्षा एनएसजीए-२ च्या कर्त्यांपैकी एक असलेल्या देब यांचे तीन नियम वापरा. पास डिझाइन नापासाला हरवतं. दोन नापासांत कमी उल्लंघन करणारं जिंकतं. दोन्ही पास असतील तरच उद्दिष्टं बघायची. एनएसजीए-२ मध्ये हे आधीच आहे, तुम्ही वरून पेनल्टी लावली तर दोन पद्धती एकमेकींच्या पायात येतात.

तपासा: हाताने बनवलेली तीन डिझाइन फंक्शनला द्या. एक उघड दणकट, एक उघड दुबळं, एक फक्त स्लेंडरनेसवर पडणारं. तिसऱ्याला ‘पास’ म्हटलं तर पुढे जाऊ नका.

टप्पा ५: अल्गोरिदमची मांडणी

इथे फार वेळ घालवू नका. पॉप्युलेशन (एका पिढीतली डिझाइन) १००, एसबीएक्स क्रॉसओव्हरची (दोन डिझाइनच्या मिश्रणाची) संभाव्यता ०.९, म्युटेशनची (यादृच्छिक बदलाची) संभाव्यता एक भागिले व्हेरिएबलची संख्या, दोन्हींचे वितरण निर्देशांक २० च्या आसपास. ३०० पिढ्या. क्रमांक-व्हेरिएबल असतील तर पूर्णांकात आणणारी दुरुस्ती चालू ठेवा आणि हुबेहूब डिझाइन गाळणारा पर्यायही. तो बंद राहिला तर शंभरांतली साठ एकमेकांच्या प्रती निघतात.

वेळेचा हिशेब मात्र आधी करा. १०० गुणिले ३०० म्हणजे ३०,००० ॲनालिसिस. दहा मेंबरला काही सेकंद ते मिनिटं. पण स्टाडला बाहेरून बोलावणार असाल आणि एका ॲनालिसिसला पाच सेकंद लागत असतील, तर एक रन जवळपास ४२ तासांचा. असे दहा रन म्हणजे सतरा दिवसांहून जास्त, आणि त्यात एकदा तरी वीज जाणारच. प्रत्येक पिढी डिस्कवर लिहून ठेवा.

टप्पा ६: एक नव्हे, अनेक रन

एका रनचा फ्रंट म्हणजे एका फाशाचा निकाल. वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या क्रमांकाने) किमान दहा, जमल्यास वीसतीस रन घ्या आणि सीड लिहून ठेवा. प्रत्येक रनचा हायपरव्हॉल्यूम मोजा. दोन उद्दिष्टं असतील तेव्हा तो म्हणजे फ्रंट आणि एका वाईट संदर्भ-बिंदूमधलं क्षेत्रफळ. त्याआधी दोन्ही अक्ष ० ते १ मध्ये आणा. संदर्भ-बिंदू सगळ्या रनना एकच. तो प्रत्येक रनमधल्या सर्वांत वाईट ठिपक्यावरून ठरवला, तर तुलनेला अर्थ उरत नाही. दोन अल्गोरिदमची तुलना करायची असेल तर ॲनालिसिसची संख्या सारखी ठेवा, पिढ्यांची नव्हे. काही पद्धती एका पिढीत दुप्पट ॲनालिसिस करतात. आणि मधला रन दाखवा, सर्वोत्तम नको.

आता दहा मेंबरचं उत्तर जुळवून बघा.

तपासा, एक: फ्रंट ५०.८ मिलिमीटर डिफ्लेक्शनला जिथे छेदतो, तिथलं वजन २,२९६ किलोच्या जवळ हवं. एकदोन टक्के जास्त आलं तर ठीक, पिढ्या वाढवा. ठळकपणे कमी आलं तर विक्रम झालेला नाही. एखादी मर्यादा लागूच होत नाहीये.

तपासा, दोन: अगदी हलक्या टोकाला फक्त स्ट्रेस अडवतो. तिथलं वजन सुमारे ७२३ किलो, आणि डिफ्लेक्शन १५० मिलिमीटरच्या पुढे.

तपासा, तीन, आणि ही माझी सर्वांत आवडती: ४० ते ५० मिलिमीटरच्या पट्ट्यात वजन गुणिले डिफ्लेक्शन करा. गुणाकार १.१७ लाखाच्या आसपास जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. क्षेत्रफळं सरसकट वाढवली की वजन त्या पटीत वाढतं आणि डिफ्लेक्शन त्याच पटीत घटतं, म्हणून इथे फ्रंट हायपरबोलाच असतो. हलक्या टोकाकडे गुणाकार वाढेल, तिथे स्ट्रेसची मर्यादा आडवी येते. कडक टोकाला वाढला तर बघा, वरचा मेंबर ४०,००० ला चिकटलाय का.

सावधान: या गणितात बकलिंग नाही. इथून सेटिंग उचला, क्षेत्रफळं नाही.

टप्पा ७: फ्रंटवरून एक डिझाइन उचलणं

‘नी पॉइंट’ म्हणजे फ्रंट जिथे सर्वांत जास्त वाकतो तो गुडघ्याचा बिंदू घेतला, असं लिहून बहुतेक प्रबंध इथे संपतात. वरचा हायपरबोला आठवा. त्याला स्वतःचा गुडघा नाही. अक्ष ० ते १ मध्ये आणताना तुम्ही फ्रंट कुठून कुठपर्यंत धरलात त्यावर गुडघा ठरतो. १५० मिलिमीटरच्या पुढचं निरुपयोगी टोक ठेवलं की गुडघा एकीकडे, कापलं की दुसरीकडे. म्हणून आधी कोडच्या डिफ्लेक्शन मर्यादेपलीकडचा भाग गाळा, मगच बघा.

त्याहून चांगली रीत म्हणजे दर विचारणं: पुढचा एक मिलिमीटर किती किलोला पडतो? दहा मेंबरमध्ये ५०.८ वरून ४० वर यायला साधारण ६२० किलो लागतात, म्हणजे मिलिमीटरमागे सरासरी ५७ किलोच्या आसपास. हा प्रश्न मालकालाही समजतो. त्याला ‘नॉन-डॉमिनेटेड’ (दुसऱ्या कुठल्या डिझाइनने न हरवलेलं) समजत नाही आणि समजायची गरजही नाही.

तीनचार उमेदवार निवडा आणि प्रत्येकाचे शेजारचे दोन ठिपकेही. शेजाऱ्यांचे सेक्शन अगदीच वेगळे असतील तर तो भाग अजून पिकलेला नाही, रन वाढवा. मग हे उमेदवार तुमच्या कोडबाहेर, स्टाडमध्ये किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळ्या लोड कॉम्बिनेशनसह नव्याने तपासा. प्रत्येक लोड पाच टक्क्यांनी वाढवून पुन्हा एकदा. मर्यादेच्या काठावर बसलेलं डिझाइन तिथे पडतं आणि यादीत खालचं, दहावीस किलो जड डिझाइन टिकतं.

शेवटी गसेट प्लेट, बोल्ट आणि वेल्डचं वजन मिळवा. अल्गोरिदमने ते मोजलेलं नसतं. दोन डिझाइनमधला फरक तीस किलोचा असेल आणि हलक्या डिझाइनला चार सांध्यांवर जास्तीचे पॅकिंग लागत असतील, तर जड डिझाइन घ्या आणि प्रबंधात तसं कारणासह लिहा.